९ लाखांचे स्पीकर आणि १२ बाय १४ची खोली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. ठाण्यात फ्लॅट, गाणं ऐकायची खोली १२ बाय १४ फुटांची, छत १० फुटांवर. घरी ७० हजारांची बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायची छोटी) जोडी आहे. गेल्या महिन्यात एका शोरूममध्ये ९ लाखांची उभी जोडी ऐकलीत. मारुबिहाग सुरू झाला आणि तानपुरा समोर ठेवल्यासारखा वाटला, डग्ग्याचा घुमारा पोटात जाणवला. तेव्हापासून घरची जोडी ऐकवत नाही. निवृत्तीचे पैसे हाताशी आहेत, घरच्यांची हरकत नाही. तुम्हाला एवढंच जाणून घ्यायचंय की ही किंमत खरंच आवाजात उतरते, की नावाचे आणि लाकडाचे पैसे मोजायचे असतात.

मी पुण्यात २६ वर्षं स्पीकरचं काम करतोय. सुरुवात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात फाटलेले कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) आणि जळलेल्या कॉइल (त्यांना हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) बदलण्यापासून झाली. पुढे स्वतः पेट्या बांधल्या. आता बराचसा वेळ लोकांच्या घरी जाऊन, माइक लावून खोल्या मोजण्यात जातो. ५ हजारांपासून ४० लाखांपर्यंतच्या जोड्या उघडून आतून पाहिल्या आहेत. किंमत आवाजात उतरते, हे नक्की. पण सगळी उतरत नाही, आणि सगळ्या घरांत उतरत नाही. तुमच्या खोलीत त्या ९ लाखांतला मोठा हिस्सा तुमच्या कानापर्यंत पोचणारच नाही. का ते सविस्तर सांगतो, कारण नुसता निकाल सांगितला तर शोरूममधला तो तानपुरा पुन्हा तुमची झोप उडवेल.

जे पैसे खऱ्या आवाजासाठी लागतात त्यांचं आधी बोलू. त्यात पहिला खर्ज. स्पीकर म्हणजे शेवटी हवा हलवणारं यंत्र आहे, आणि सूर जितका खाली तितकी हवा जास्त हलवावी लागते. तीही सरळ हिशेबाने नाही. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर हवा चौपट हलवावी लागते. ८० हर्ट्झला कोन १ मिलिमीटर सरकत असेल तर ४० हर्ट्झला त्याला ४ मिलिमीटर सरकावं लागेल. लहान वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग, इथेच धापा टाकतो. मग मोठा कोन घ्या, किंवा दोन-तीन घ्या, कॉइल लांब करा, चुंबक जड करा, सगळं पेलेल अशी ओतीव धातूची चौकट करा, आणि त्याला साजेशी मोठी पेटी बांधा. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ ज्यांचा, त्या हॉफमन यांच्या नावाने एक नियम आमच्या धंद्यात पाठच असतो: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी एका वेळी दोनच मिळतात. तिसऱ्यासाठी भांडायला गेलात तर पैसे ओतावे लागतात. महाग स्पीकरची बरीचशी किंमत या भांडणातच जाते, आणि ती खोटी नाही.

आता हे तुमच्या गाण्याला लावून बघा. काळी एकला गाणाऱ्याचा तानपुरा घ्या. जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला लागतात, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ला. ही फार खोल जागा नाही. तुमची ७० हजारांची जोडी तिथपर्यंत बऱ्यापैकी पोचत असणार. शिवाय तानपुऱ्याचा जीव खर्जात कमी आणि जवारीत, म्हणजे तारेच्या झंकारात, जास्त. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यावर जी झळाळी पसरते, ती शेकडो हर्ट्झपासून काही हजारांपर्यंतची सगळी वस्ती आहे. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी मधला पट्टा स्वच्छ हवा. पखवाज, पाइप ऑर्गन, सिनेमातले स्फोट हेच ज्याला हवंय, त्याचा हिशेब वेगळा.

दुसरी गोष्ट पेटीची. कोन जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो. पेटीच्या भिंती त्याने थरथरल्या की त्या स्वतःच गाऊ लागतात. बोटाच्या पेराने पेटीच्या कुशीवर टकटक करून बघा. स्वस्त पेटी ‘ढब’ म्हणते, चांगली पेटी दगडावर मारल्यासारखा आखूड, कोरडा आवाज देते. जाड एमडीएफ, आत आडवे-उभे टेकू, कधी ॲल्युमिनियम, यांनी फरक पडतो आणि तो मोजता येतो. पण त्यानेच वजन वाढतं. एकेक पेटी ५०-६० किलोची झाली की ती परदेशातून लाकडी खोक्यात आणायची, कर भरायचे, गोदामात ठेवायची, वितरकाने आपला वाटा घ्यायचा, विक्रेत्याने आपला. तुम्ही मोजता त्यातला मोठा पैसा या वाटेवर खर्च होतो. शिवाय लाकडाचा वरचा पापुद्रा निवडून जुळवलेला, त्यावर लॅकरचे थरावर थर, हाताने घासून आरसा केलेला. ती कारागिरी पाहून मी स्वतः कितीदा हात फिरवत उभा राहिलोय. हातमागाच्या पैठणीची किंमत उबेवर ठरत नाही, आणि तशी वस्तू घरात असावी असं वाटण्यात काही चूक नाही. फक्त तो पैसा आवाजाच्या खात्यात लिहू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि किंमतीशी तिचं नातं सगळ्यात सैल. साडेसहा इंची वूफर घ्या. त्याचा प्रत्यक्ष हलणारा भाग असतो साधारण १३ सेंटीमीटरचा. २,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी १७ सेंटीमीटर. ही दोन मापं जवळ आली की वूफर टॉर्चसारखा समोरच झोत टाकू लागतो. नेमका तिथेच वरचे सूर वाजवणारा १ इंची ट्वीटर कामाला लागतो, आणि तो कंदिलासारखा चहूकडे पसरतो. स्पीकरच्या अगदी समोर माइक धरला तर आलेखाची रेघ सरळ येईल. पण बाजूच्या भिंतींवर जो आवाज पडतोय त्यात त्या जागी खड्डा असतो आणि लगेच पुढे उंचवटा. खुर्चीत बसून आपण फक्त समोरचा आवाज ऐकत नसतो. भिंती, जमीन, छत यांच्यावरून परतलेला आवाजही त्यात मिसळतो. तो सारखा नसेल तर गळा कोरडा वाटतो, किंवा ‘स’ आणि ‘च’ टोचतात, आणि नक्की काय खुपतंय हे सांगता येत नाही.

यावर उपाय आहेत. ट्वीटरभोवती उथळ बशीसारखा खोलगट आकार करणं, ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवणं, किंवा मधल्या पट्ट्यासाठी वेगळा छोटा कोन देणं. बशीचा आकार साच्यातून काढायला फार पैसा लागत नाही. तो नेमका कसा असावा हे ठरवायला मोजमाप आणि डोकं लागतं. म्हणूनच दीड लाखाची एखादी जोडी इथे अप्रतिम निघते, आणि १२ लाखांच्या एका जोडीत हा खड्डा मी स्वतःच्या माइकने मोजलाय. त्या जोडीचा मालक तीन ॲम्प्लिफायर बदलून झाला होता.

या सगळ्यावर पक्कं काम झालेलं आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, गुण द्यायला लावले, आणि तेच स्पीकर सगळ्या बाजूंनी मोजले. पुढे हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर ते काम वाढलं. ऑलिव्ह यांनी २००४मध्ये ७० स्पीकरांचा अभ्यास मांडला. नुसत्या मोजमापांवरून ऐकणाऱ्यांच्या पसंतीचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज आणि पसंती यांचा सहसंबंध ०.८६ इतका येतो (१ म्हणजे तंतोतंत जुळणं), असं त्यात दिसलं. लोकांना आवडतो तो स्पीकर समोरून सपाट आणि बाजूंनी गुळगुळीत उतरत जाणारा असतो. त्या हिशेबात किंमत नावाचा रकाना कुठेच नाही.

त्याच दोघांचा १९९४चा एक प्रयोग मी ग्राहकांना नेहमी सांगतो. हरमनच्याच ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. डोळ्यांना दिसल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वर गेले, आणि आधी चांगले गुण मिळवलेल्या छोट्या, स्वस्त संचाचे खाली आले. ही या धंद्यातलीच माणसं होती. तेव्हा शोरूममध्ये तुमचं-माझं मन डोलतं यात कमीपणा नाही. कान आणि डोळे वेगळे काम करतच नाहीत.

नाशिकच्या एका डॉक्टरांकडे मी हेच करून पाहिलं. त्यांची ६ लाखांची जोडी होती, आणि शेजारच्या खोलीतून मुलाची ५५ हजारांची जोडी आणून स्टँडवर ठेवली. काळ्या मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून खोलीत आडवं टांगलं, मागचे दिवे बंद केले. दोन्ही जोड्यांवर तोच सपाट खरखरीचा आवाज वाजवून, खुर्चीशी मीटर धरून, पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. हे जुळवणं सोडू नका. जरासं मोठं वाजणारं आपल्याला ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. शोरूममध्ये महाग जोडी पुष्कळदा थोडी चढ्या आवाजात का वाजते, त्याचं कारणही हेच.

मग दहा वेळा अदलाबदल केली. पुरुषाच्या गळ्यावर डॉक्टरांनी सात वेळा मुलाची जोडी निवडली. पखवाजावर मात्र प्रत्येक वेळी ६ लाखांची. कापड काढलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “अहो, मी दोन वर्षं सांगतेय ना, गवई पिंपात बसून गातोय असं वाटतं!”

माइकने कारण दाखवलं. महाग जोडी ४५ ते ६० हर्ट्झचा पट्टा ताकदीने देत होती आणि ती खोली नेमक्या त्याच पट्ट्यात घुमत होती. त्या घुमण्याने गळ्याचा खालचा भाग झाकून टाकला होता. मुलाच्या जोडीला तेवढा खर्ज देताच येत नव्हता, म्हणून ती खोलीला जागं करत नव्हती. स्पीकर चांगला होता. खोलीने त्याच्याकडून वाईट काम करून घेतलं.

आता तुमच्या खोलीवर येतो, कारण सगळं इथेच ठरतं.

आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते, तो सूर ती खोली धरून ठेवते. तुमचे १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, त्याचा सूर येतो ४० हर्ट्झ. १२ फुटांचा ४७. १० फुटांच्या छताचा ५६. मग यांच्या दुपटी: ८०, ९४, ११२. हे तुमच्या खोलीचे स्वतःचे सूर आहेत, तुम्ही कुठलाही स्पीकर आणा. मोजायला गेलो की अशा जागी १० डेसिबलपेक्षा उंच सुळके आणि शेजारी तसेच खड्डे मला नेहमी दिसतात. तुलनेसाठी सांगतो, दोन बऱ्या स्पीकरांमधला फरक मधल्या पट्ट्यात २-३ डेसिबलचा असतो. साधारण २०० हर्ट्झच्या खाली आपण स्पीकर ऐकतोय असं समजतो, पण ऐकत असतो खोली. तुमच्या ९ लाखांतले जे पैसे खोल खर्जासाठी आहेत, ते ४० आणि ४७च्या सुळक्यांवर जाऊन पडतील. डग्गा पोटात जाणवणार नाही, भिंतीतून येईल.

दुसरं, घुमणं. गिलाव्याच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका अंगाला काचेची सरकती खिडकी, अशी आपल्याकडची खोली. वॉलेस सबाइन यांनी १८९०च्या दशकात हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहाचं घुमणं दुरुस्त करताना जे सूत्र काढलं, ते आजही घरगुती अंदाजाला पुरतं. तुमच्या खोलीचं घनफळ ४८ घनमीटरच्या आसपास. सोफा आणि पडदे धरूनही अशा खोलीत आवाज विरायला सुमारे १ सेकंद लागतो. मला गाणं ऐकायला तो ०.४ ते ०.५ सेकंदांवर हवा असतो. सूत्रात आकडे घातले तर आणखी ८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ८५ चौरस फूट, आवाज पिणारा पृष्ठभाग लागतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून ‘झिंऽऽ’ असं काही येत असेल तर तेच तुमच्या तानपुऱ्याच्या जवारीवर बसलंय. शोरूमच्या खोलीत जाड गालिचा असेल, भिंतींना पॅनेल असतील, खोली दुप्पट असेल. तुम्ही ९ लाखांची जोडी ऐकलीत, त्याबरोबर ती खोलीही ऐकलीत. ती काही डिलिव्हरीच्या टेम्पोतून येत नाही.

जिथे मोठा खर्च सार्थकी लागला अशीही घरं आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर माझं उत्तर एकांगी होईल. वाईजवळच्या एका वाड्यातला दिवाणखाना, २२ बाय ३४ फूट, जाड मातीच्या भिंती, सागवानी तक्तपोशी. ऐकणारी मंडळी स्पीकरपासून साडेचार मीटरवर बसायची, दर गुरुवारी पंधरा-वीस माणसं. तिथे आधी २ लाखांची चांगली बुकशेल्फ जोडी होती. अंतर दुप्पट झालं की समोरून येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि तो भरून काढायला चौपट ताकद लागते. जोडी बिचारी मान मोडून गात होती, द्रुत लयीत तबला आणि गळा एकमेकांत घुसायचे. आम्ही ११ लाखांची जोडी लावली, एका पेटीत तीन ८ इंची वूफर. पहिल्या पखवाजाच्या थापेला छतापासून टांगलेल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या किणकिणल्या. पाऊण तास नुसत्या त्या कड्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळत होतो. त्यानंतर जे ऐकू आलं, त्यासाठी ११ लाख जास्त नव्हते. मोठी जागा, लांबचे श्रोते, भरलेली बैठक: इथे मोठ्या स्पीकरला पर्याय नाही.

उलट टोकाचं उदाहरणही याच तर्काचं. १९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनियरांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये बसून आवाज तपासायला स्पीकर हवा होता. गाडीत जागा ती केवढी. त्यांनी पाचेक लिटरची एक छोटी पेटी केली, एलएस३/५ए नावाची. खोल खर्ज सोडून दिला आणि माणसाच्या आवाजावर सगळी मेहनत घेतली. इतक्या वर्षांनी लोक आजही तिच्या नव्या आवृत्त्यांसाठी लाखांत पैसे मोजतात. आधी जागा ठरली, मग स्पीकर झाला.

हिरे आणि बेरिलियमचे ट्वीटर हाही महाग जोड्यांचा एक मोठा विषय. पडदा जितका कडक आणि हलका तितकी त्याची वेडीवाकडी थरथर वरच्या सुरांकडे ढकलली जाते, हे खरं आहे. पण चांगल्या ॲल्युमिनियमच्या १ इंची घुमटातही ती २० हजार हर्ट्झच्या पुढेच सुरू होते, आणि निवृत्तीच्या वयात बहुतेकांचे कान त्याच्या बरेच खाली थांबलेले असतात. तुमच्या यादीत हा मुद्दा शेवटी ठेवा.

दुरुस्तीबद्दल एक बोललंच पाहिजे, कारण विकताना हे कोणी सांगत नाही. कोनाच्या कडेला जी लवचीक पट्टी असते ती फोमची असेल, तर आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत ती कुजते. बोट लावलं की काळा, चिकट भुगा हाताला येतो, काजळीसारखा. रबराची पट्टी त्याच्या कितीतरी पट टिकते. ठाण्यात तुम्ही खाडीच्या हवेत राहता, तेव्हा हे आधी विचारा. माझ्याकडे एक जोडी आली होती, घेताना ८ लाखांची. एका वूफरची कॉइल घासत होती आणि कंपनीने तो वूफर बनवणं बंद केलं होतं. बाहेर मिळणारा दुसरा कुठलाही वूफर त्या क्रॉसओव्हरला (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटला) जुळेना. शेवटी जुन्याच कोनावर हाताने कॉइल गुंडाळून बसवली, तीन आठवडे गेले. जुनी महाग जोडी घेणार असाल तर ॲम्प बंद ठेवून, दोन्ही हातांची बोटं कोनावर गोलात सारखी टेकवून हलकेच आत दाबा. कुठेही घासल्याची खरखर आली तर पैसे देऊ नका.

आता आकडे. हा माझा अनुभवातला अंदाज आहे, आजच्या भावाने, आणि दुसरा कोणी थोडं पुढे-मागे सांगेल. ३० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत, नीट निवड केली तर, जवळजवळ प्रत्येक वाढीव रुपयाचा आवाज ऐकू येतो. दोन ते सहा लाखांत जे वाढतं ते मुख्यतः खर्ज, मोठ्या आवाजातला निवांतपणा आणि पेटीचा गप्पपणा. खोली मोठी आणि आवरलेली असेल तरच ते मिळतं. त्याच्या पुढे आकार, कारागिरी, वर्षाला मोजक्याच जोड्या बनण्याचा खर्च आणि नाव यांचा वाटा वाढत जातो. आवाज तिथेही सुधारू शकतो, पण सुधारेलच असं गृहीत धरता येत नाही. मोजूनच कळतं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते क्रमाने सांगतो.

येत्या रविवारी फुकटचं काम करा. स्पीकर भिंतीपासून किती लांब आहेत ते मोजा. पेटीचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो, आणि तुमच्या तानपुऱ्याची जोडी त्याच गावात राहते. १५-१५ सेंटीमीटरने पुढे-मागे करून तोच तानपुरा ऐका. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तोही दोन-अडीच फूट पुढे ओढा, कारण भिंतीलगत खर्ज सगळ्यात जास्त फुगतो. नाशिकच्या डॉक्टरांचं पिंप निम्मं एवढ्यानेच गेलं.

मग मोजायचा माइक घ्या. मिनीडीएसपीचा यूमिक-१ काही हजारांत मिळतो आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक संध्याकाळ लागेल शिकायला. ४०, ४७ आणि ५६चे सुळके स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

त्यानंतर पॅनेल. सुताराकडून २ बाय ४ फुटांच्या चौकटी, आत ४ इंच रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वरून हवा आरपार जाईल असं कापड. माझ्या इथे नगाला अडीच-तीन हजार पडतात, दहा-अकरा करा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जिथे आरसा धरला तर खुर्चीतून ट्वीटर दिसतो तिथे, मागच्या भिंतीला आणि कोपऱ्यांत. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, खाज सुटते. जमिनीवर सतरंजीऐवजी जाड गालिचा किंवा दुहेरी गोधडी. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम लावू नका. ते फक्त वरची झळाळी पितात, खालचं घुमणं तसंच राहतं, आणि खोली जास्तच घोगरी होते.

चौथं, दोन लहान सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचे वेगळे स्पीकर. एक नाही, दोन. हरमनच्याच टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये दाखवलं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले की खोलीचे बरेच सुळके आपोआप बसतात. उरलेले ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या सोयीने) खाली आणा. सुळके कापा, खड्डे भरायला जाऊ नका. खड्ड्यात कितीही ताकद ओतली तरी खोली ती गिळून टाकते.

इथपर्यंत दीड लाखाच्या आसपास खर्च होईल. पुढे तुमची ७० हजारांची जोडी महिनाभर ऐका. तरीही गळ्यात काही कमी वाटलं तर दीड ते अडीच लाखांत अशी जोडी घ्या जिची सगळ्या बाजूंनी घेतलेली मोजमापं उपलब्ध आहेत. आत ॲम्प असलेले स्टुडिओ मॉनिटरही याच पैशांत येतात. दिसायला साधे असतात, पण अशा खोलीत ख्याल ऐकायला मी तेच आधी ऐकून बघेन.

आणि हे सगळं करूनही मन त्या ९ लाखांच्या जोडीत अडकलेलं असेल, तर विक्रेत्याला सांगा की जोडी दोन दिवस माझ्या खोलीत आणून लावा. एवढ्या किंमतीला ही मागणी अजिबात जास्त नाही, आणि चांगला विक्रेता तयार होतो. आवाजाची पातळी मीटरने जुळवा, मच्छरदाणीचं कापड टांगा, अदलाबदल दुसऱ्या कोणाला करायला सांगा. तुमच्या घरी कोणी गाणारं असेल तर त्यांनाही बसवा. पडद्याआडूनही दहातल्या आठ-नऊ वेळा तीच जोडी निवडलीत तर घ्या, मी स्वतः येऊन लावून देईन.

यूमिकने मोजमाप झालं की दोन्ही स्पीकरांचे वेगवेगळे आलेख, २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यातले, इथेच टाका. सोबत खोलीचा हाताने काढलेला नकाशा द्या, दार, खिडकी आणि सोफा कुठे आहे त्याच्यासकट. कोपऱ्यांतली पॅनेल आणि सबवूफर नेमके कुठे ठेवायचे ते मग सेंटीमीटरमध्ये सांगतो.